कच्च्या कातड्याचा बोसाल: दोन हंगामांच्या वापरानंतर

हे परीक्षण हाताने विणलेल्या एका बोसालचे, म्हणजे घोड्याच्या नाकाभोवती बसणाऱ्या कड्याचे आहे. तो १२ वाद्यांचा, म्हणजे कातडी पट्ट्यांचा, ५/८ इंच जाडीचा असून त्याचा गाभाही कच्च्या कातड्याचाच आहे. त्याच्यासोबत आयाळीच्या केसांची २२ फूट लांबीची मेकाटे नावाची दोरी, चामडी शिरपट्टा आणि सुती दोरीचा फियादोर, म्हणजे घशाखालून जाणारा आधाराचा दोर, असा पूर्ण संच मी एका कारागिराकडून घेतला. चार वर्षांची एक क्वार्टर हॉर्स जातीची घोडी पाश्चात्त्य, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या, पद्धतीच्या स्वारीसाठी तयार करायला घेतली; सुरुवातीचे काही महिने दुसऱ्या एका बोसालवर गेले आणि त्यानंतर सलग दोन हंगाम, आठवड्यातून चार-पाच दिवस, हा संच वापरात आहे. इतक्या घामानंतर त्याच्याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार आला असावा.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. बोसाल म्हणजे कातडी वाद्यांचा गोफ विणून केलेले, थेंबाच्या आकाराचे, घोड्याच्या नाकाभोवती बसणारे कडे. नाकावर येणारा त्याचा भाग जाड विणीचा असतो, गालांवरून त्याच्या दोन भुजा खाली उतरतात आणि हनुवटीमागे एका जड, घट्ट गाठीत एकत्र येतात. या गाठीच्या वर मेकाटे गुंडाळतात आणि त्याच एका दोरीतून लगामाचा बंद फास आणि घोडा हाताने चालवण्याची मोकळी दोरी अशी दोन्ही कामे साधतात. हा सगळा साज मिळून हॅकमोर होतो. तोंडात काहीही जात नाही. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर तो म्होरकी. वेसण मुळीच नव्हे, कारण वेसण नाकपुडीतून आरपार जाते आणि बोसाल नाकाच्या हाडावर नुसता टेकलेला असतो. लांब धातूच्या दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेले यांत्रिक हॅकमोरही याच नावाने विकले जाते, पण ते तरफेच्या तत्त्वावर चालते आणि त्याचे या वस्तूशी नावापलीकडे काहीही नाते नाही. खरेदी करणाऱ्याची पहिली फसगत बहुधा इथेच होते.

तोंड मोकळे ठेवण्यामागे साधे कारण आहे. घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याचा काळ साधारण अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत चालतो. समोरच्या दातांच्या जोड्या अडीच, साडेतीन आणि साडेचार या वयांच्या आसपास बदलतात, दाढांवरच्या दुधाच्या टोप्याही याच काळात निघतात आणि नरांना सुळे फुटतात. नेमक्या याच वयात त्याला स्वारीचे शिक्षण दिले जाते. हिरड्या हुळहुळत असताना तोंडात लोखंड असले, तर घोडा मान झटकतो, जबडा आवळतो, कडी जिभेखाली ओढू पाहतो आणि स्वार त्याला हट्टी ठरवतो. कॅलिफोर्नियातल्या व्हाकेरोंनी, म्हणजे स्पॅनिश परंपरेतून आलेल्या गुराख्यांनी, यावर जो मार्ग काढला तो असा: आधी काही वर्षे हॅकमोर, मग तोंडातली कडी नुसती ओळखीसाठी घालून खाली बारीक बोसाल ठेवण्याचा ‘टू-रेन’चा टप्पा, आणि सर्वांत शेवटी एका हाताने चालवायचा पूर्ण लगाम. घाई नावाची गोष्ट या क्रमात नाही, आणि म्हणूनच तो कित्येकांना परवडत नाही. शब्दांचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. हॅकमोर हा स्पॅनिश ‘हाकिमा’चा अपभ्रंश, ‘हाकिमा’च्या मागे अरबी ‘शकीमा’, तर मेकाटे हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या दोरीवाचक शब्दावरून आलेला. इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांच्या तोंडी त्याच मेकाटेचे ‘मॅकार्टी’ झाले. म्हणजे ज्या साजाला आज अस्सल अमेरिकन मानले जाते, त्याचा एक धागा अरबांकडून स्पेनमार्गे आलेला आहे आणि दुसरा मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांकडचा आहे.

आता मुद्द्याकडे. हा बोसाल घेण्यापूर्वी माझ्याकडे दुसरा एक होता, आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय याची किंमत कळणार नाही. तो कोणाकडून घेतला हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तशा वस्तू विकणारे पुष्कळ आहेत. वर्णनात ‘कच्चे कातडे’ असे लिहिले होते आणि वरच्या वाद्यांपुरते ते खरेही होते, परंतु आत पोलादी तारेचा दोर होता. स्पर्धांच्या नियमांत लवचीक तारेचा गाभा सहसा चालतो. वर्ज्य असतो तो न वाकणारा, ताठ पदार्थ. त्यामुळे ती वस्तू नियमबाह्य होती असे म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात मात्र तिच्यात एक दोष होता, जो मला तीन महिने घोडीचा वाटत राहिला. दोरी ओढली की बोसालच्या भुजा जबड्याला भिडत, आणि दोरी सैल सोडली तरी त्या तशाच भिडलेल्या राहत. ती तार एकदा वाकली की वाकलेलीच राहत असे. तिला पूर्वीच्या जागी परत जाण्याची ओढ नव्हती. घोडीने सांगितलेले केले, तिने मान वळवली, पाय थांबवला, मी तत्काळ हात पुढे नेला, आणि तिच्या हनुवटीला काहीच फरक कळला नाही. पंधरा-वीस दिवसांत ती बोसालवर मान टेकून चालू लागली. माझ्या मते ती आडमुठी झाली होती. तिच्या मते बहुधा मीच बहिरी होते.

घोड्याच्या शिक्षणाचे सारे गणित दाब आणि सूट या दोन गोष्टींवर उभे आहे. दाब प्रश्न विचारतो, आणि उत्तर बरोबर आले हे घोड्याला कळते ते दाब नाहीसा होण्याच्या क्षणी. अश्वशिक्षक टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडे शिकलेले रे हंट (१९२९–२००९) यांनी ज्या विचाराला अमेरिकेत पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली त्याचा गाभाही हाच आहे की, घोड्यासाठी योग्य वाट सोपी करून ठेवावी आणि त्याला ती शोधू द्यावी. सूट द्यायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर घोडा त्या अर्ध्या सेकंदात केलेली भलतीच हालचाल शिकून बसतो. म्हणून बोसालची पारख तो किती घट्ट धरतो यावरून होत नाही, तो किती लवकर आणि किती स्वच्छ सोडतो यावरून होते. इतक्या साध्या कसोटीचा उल्लेख विक्रीच्या वर्णनांत मला क्वचितच आढळला आहे. तिथे वाद्यांची संख्या, नक्षी आणि रंगीत गुंफणीची वर्णने भरपूर असतात.

या कसोटीवर सध्याचा बोसाल उत्तम उतरतो. कच्चे कातडे म्हणजे न कमावलेले, केस काढून ताणून वाळवलेले कातडे. त्याच्या गाभ्याला पीळ देऊन वाळवला की त्यात एक जिवंत ताठरपणा येतो. दोन्ही भुजा मुठीत धरून एकमेकींकडे दाबल्या तर त्या जवळ येतात आणि मूठ सोडताच झटकन मागे जातात. घोड्याच्या तोंडावरही तेच घडते. दोरी सैल होताच भुजा आपल्या जागी परततात, गाठीचे आणि मेकाटेच्या वेढ्यांचे वजन बोसालची मागची बाजू खाली आणते आणि हनुवटीला काहीच टेकलेले राहत नाही. हात जरा वर उचलला की गाठ हलते, आणि खरा दाब येण्यापूर्वीच घोडीला तो येणार असल्याची सूचना मिळते. चौथ्या आठवड्यापासून ती या सूचनेलाच उत्तर देऊ लागली. जुन्या बोसालने तीन महिन्यांत जे झाले नव्हते ते एका महिन्यात झाले, असे मी म्हणते तेव्हा त्यात माझ्या स्वतःच्या सुधारणेचाही वाटा आहे हे मान्य केले पाहिजे, पण घोडी तीच होती आणि मैदानही तेच होते.

घेण्यापूर्वी गाभा ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. एक साधे लोहचुंबक भुजेला लावून पाहावे. आत साधी पोलादी तार असेल तर ते ओढले जाते. विक्रेत्याला याचा राग आला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

वस्तू हाती आली तेव्हा मात्र ती वापरण्याजोगी नव्हती, आणि याविषयी कारागिराने एक ओळही लिहून पाठवली नव्हती, ही माझी पहिली तक्रार आहे. नव्या बोसालच्या भुजा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात, तर घोड्याचा जबडा मागे रुंद होत जातो. तसाच चढवला तर तो जबड्याच्या दोन्ही कडा सोलून काढतो. लाकडाचा एक ठोकळा घोडीच्या जबड्याच्या रुंदीचा कापून, तो भुजांमध्ये अडकवून, नाकाजवळची बाजू गोलसर राहील अशा बेताने बोसाल बांधून मी दहा दिवस सावलीत टांगून ठेवला. पाण्यात भिजवून आकार देण्याचा सल्ला काही जण देतात. कच्चे कातडे पाण्याने लगेच मऊ पडते हे खरे असले, तरी त्यामुळे वीण सैल होण्याची भीती असते, म्हणून ओलसर फडक्यापलीकडे मी गेले नाही. इतके करूनही पहिले तीन आठवडे हनुवटीजवळचे केस घासले गेले. कातडी फाटली नाही, पण केस जाऊन तिथे गुळगुळीत पट्टा दिसू लागला की दोन दिवस स्वारी थांबवावी आणि संपर्काच्या जागी मऊ चिकटपट्टी गुंडाळावी, हे मी अनुभवाने शिकले. पुढे घामाने आणि हाताळण्याने वाद्यांच्या कडा बोथट झाल्या आणि हा त्रास संपला.

बोसाल कुठे बसतो याला त्याच्या दर्जाइतकेच महत्त्व आहे. नाकाचे हाड खाली निमुळते होत जाते आणि त्यापुढे केवळ कूर्चा असते. बोसालचा नाकावरचा भाग हाडाच्या टोकाच्या थोडा वर, पक्क्या हाडावर टेकला पाहिजे. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यामुळे बोसाल खाली घसरून मऊ भागावर आला, तर दाब देताना स्वार त्याचा श्वासच कोंडत असतो, आणि मग घोडा थांबण्याऐवजी घाबरतो. फार वर बांधला तर तो नुसता लोंबकळतो आणि काहीच सांगत नाही. नाक आणि बोसाल यांच्यामध्ये एक बोट सहज जावे एवढी मोकळीक ठेवावी. मेकाटेचा एखादा वेढा वाढवून किंवा कमी करून हे जमवता येते आणि या संचात त्यासाठी पुरेशी जागा आहे.

मेकाटे हा या संचातला सर्वांत देखणा आणि सर्वांत चिडखोर भाग आहे. शेपटीच्या केसांची दोरी अधिक टोचते. ही आयाळीच्या केसांची असल्यामुळे मऊ आहे असे सांगण्यात आले होते. मऊपणाची कारागिराची कल्पना माझ्यापेक्षा बरीच वेगळी असावी. पहिला महिना मी हातमोज्यांशिवाय ती धरू शकले नाही, आणि काळे केस गळून खोगिरावर, कपड्यांवर, एकदा तर चहाच्या पेल्यातही सापडले. तरीही मी ती बदलून सुती दोरी घेतली नाही, त्यामागे कारण आहे. मानेवर हलकेच टेकणाऱ्या दोरीपासून दूर वळणे, ज्याला नेक-रेनिंग म्हणतात, ते घोड्याला शिकवताना केसांचा हा टोचरेपणाच कामी येतो: दोरी मानेला लागते, जराशी टोचते, आणि घोडा स्वतःहून तिच्यापासून दूर होतो. ओढाओढ करावी लागत नाही. शिवाय तिला वजन आहे. हात उचलल्यापासून गाठ हलेपर्यंतचा संदेश तिच्यातून व्यवस्थित पोहोचतो. हलक्या नायलॉनच्या दोरीतून तो वाटेतच विरतो.

२२ फूट लांबीही नेमकी आहे. वेढे आणि लगामाचा फास जाऊन हाती राहणारी दोरी घोडी हाताने चालवायला पुरते. स्वारीच्या वेळी ती कमरेच्या पट्ट्यात नुसती खोचायची असते. बांधायची कधीच नाही, कारण स्वार पडला तर ती सुटून आली पाहिजे. या संचाने घोडा खुंटाला बांधून ठेवण्याचा मोहही टाळावा. बांधलेल्या घोड्याने मागे हिसका दिला, तर बोसालचा आकार तर जातोच, शिवाय नाकाच्या हाडाला इजा होऊ शकते. मी खाली साधी म्होरकी ठेवते आणि बांधण्यासाठी तीच वापरते.

शिरपट्टा मात्र सुमार आहे. बकल नेमके डोळ्याच्या मागे येते, चामडे पातळ आहे आणि दुसऱ्या महिन्यातच एक भोक ताणून लांबट झाले. एवढ्या निगुतीने विणलेला गोफ असल्या पट्टीला टांगून पाठवावा याचे नवल वाटते. फियादोर ठीक आहे. त्याच्या गाठी बारीक आणि समान आहेत, पण तो पावसात आखडला. दोन्ही मी बदलले.

आता प्रत्यक्ष स्वारीविषयी. हॅकमोर दोन्ही हातांनी चालवायचे असते आणि एका वेळी एकाच बाजूची दोरी वापरायची असते, हा नियम पाळणाऱ्यालाच या साजाचा गुण दिसेल. दोन्ही दोऱ्या एकदम मागे ओढल्या, तर घोड्याच्या हाती त्याच्या संपूर्ण मानेची ताकद येते, आणि त्या शर्यतीत माणूस कधी जिंकलेला नाही. वळताना मी आतली दोरी बाजूला उघडते, घोडीचे नाक वळते, खांदा मागोमाग येतो आणि हात लगेच सैल होतो. थांबवताना क्रम आणखी स्पष्ट असतो: आधी मी खोगिरात खोल बसते, श्वास सोडते, तोंडाने थांबण्याचा शब्द देते, आणि एवढे होऊनही पाऊल पडलेच तर एका दोरीचा लहानसा झटका देऊन ती सोडते. पहिल्या हंगामाच्या अखेरीस दुडक्या चालीत, म्हणजे जॉगमध्ये, दहापैकी आठ-नऊ वेळा दोरीची गरज उरली नव्हती. लोप या संथ घोडदौडीत तेवढे यश यायला दुसरा हंगाम उजाडावा लागला, आणि वर्तुळ लहान करत नेताना ती आजही डाव्या बाजूला खांदा टाकते, म्हणजे त्या खांद्यावर आत झुकते. हा दोष साजाचा नाही, पण हॅकमोर तो झाकतही नाही. तोंडात कडी असती तर मी तो ताकदीने दडपून टाकला असता आणि वर्षभराने तो दुप्पट होऊन पुढे आला असता.

एका प्रसंगी या साजाची मर्यादाही दिसली. उघड्या माळावर, वाऱ्याच्या दिवशी, झुडपातून अचानक पक्ष्यांचा थवा उठला आणि घोडी उधळली. अशा वेळी बोसाल हा ब्रेक नसतो. एका बाजूची दोरी मांडीकडे आणून तिची मान वळवणे, त्यामुळे मागचे पाय एकमेकांना ओलांडू लागले की वेग आपोआप तुटणे, हे आम्ही गोल रिंगणात शेकडो वेळा केलेले होते, म्हणून निभावले. ज्यांनी ही तयारी संथ चालीत केलेली नाही त्यांनी हॅकमोर घालून मोकळ्यावर जाऊ नये, आणि ज्यांची मांड अजून पक्की नाही, ज्यांचा तोल हातातल्या दोरीवर अवलंबून असतो, त्यांनी तर हा संच घेऊच नये. अशा स्वारासाठी साधी गुळगुळीत स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेली कडी आणि घोड्याइतकाच अनुभवी शिक्षक अधिक उपयोगी पडेल. आडमुठ्या झालेल्या, तोंड बधिर झालेल्या मोठ्या घोड्यावर शेवटचा उपाय म्हणूनही काही जण बोसाल आणतात. तो तिथे क्वचितच चालतो, कारण त्या घोड्याला दाबाचा अर्थच उरलेला नसतो.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी जाडीचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या नियमांत बोसालची कमाल जाडी ३/४ इंच आहे, त्यामुळे ५/८ इंचाचा हा बोसाल निर्धास्तपणे चालतो. अनेक पाश्चात्त्य स्पर्धांमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या घोड्याला हॅकमोर किंवा स्नॅफलमध्ये दोन्ही हातांनी चालवण्याची मुभा असते, तर नॅशनल रेन्ड काऊ हॉर्स असोसिएशन या, गुरे हाताळणाऱ्या घोड्यांसाठीच्या संघटनेच्या स्पर्धांत हॅकमोर, टू-रेन आणि पूर्ण लगाम यांच्यासाठी वेगवेगळ्या श्रेणीच आहेत.

निगा फारशी नाही, पण जी आहे ती चुकवून चालत नाही. वापर झाल्यावर घाम ओलसर फडक्याने पुसावा, बोसाल ठोकळ्यावर टांगावा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये, आणि चामड्याचे पातळ तेल त्यावर ओतू नये. त्याने कातडे लिबलिबीत होते आणि ज्या ताठरपणासाठी आपण पैसे मोजले तोच जातो. कच्च्या कातड्यासाठी मिळणारे घट्ट मलम महिन्या-दोन महिन्यांनी, बोटभर घेऊन चोळले की पुरते. खरा शत्रू वेगळाच आहे: उंदीर आणि कुत्री यांच्या दृष्टीने हे सरळ सरळ खाद्य आहे. माझ्या बोसालच्या डाव्या भुजेवर खालच्या बाजूला दोन वाद्या कुरतडलेल्या आहेत आणि तो दिवस पाहिल्यापासून तो पत्र्याच्या पेटीत असतो. वीण मात्र दोन हंगामांत कुठेही उसवलेली नाही, नाकावरच्या भागाचा रंग गडद मधासारखा झाला आहे आणि भुजांचा परत फिरण्याचा झटका पहिल्या दिवसाइतकाच शाबूत आहे.

घोडी आता टू-रेनच्या टप्प्याला येत आहे. त्यासाठी लागणाऱ्या ३/८ इंचाच्या बारीक बोसालची मागणी मी याच कारागिराकडे नोंदवली आहे. या वेळी शिरपट्टा पाठवू नये, असे ठळक अक्षरांत लिहून.